टेंकडी कोणाची ? — व्हर्मांटमधील सामाईक हिमउतारांसंबंधीं

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा बर्फाशीं संबंध म्हटला म्हणजे जत्रेंतील रंगीत गोळ्यापुरता, अथवा फार तर दूध आणि मासळी टिकविण्यापुरता. अशा वाचकांपुढें, पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याच्या खेळाचा विषय एका शेतकी मासिकानें कां आणावा, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु हा विषय वरवर खेळाचा दिसला तरी मुळाशीं तो डोंगराळ पड जमिनीचा, शेतकऱ्याच्या रिकाम्या हंगामाचा, गहाणखताचा आणि सामाईक मालमत्तेच्या कारभाराचा आहे. आणि यांपैकीं एकही गोष्ट आमच्या वाचकांस शिकवावी लागेल अशी नाहीं. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हर्मांट या लहानशा राज्यांत गेल्या नव्वद वर्षांत या बाबतींत जें घडलें, तें थोडें विस्तारानें सांगून त्यावर आपलें मत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

व्हर्मांट हें अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत कॅनडाच्या सरहद्दीस लागून असलेलें राज्य. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत डोंगरांची एक रांग त्याच्या मधून गेलेली असून सपाट जमीन नदीकांठीं तेवढी आहे. सन १८११ सालीं विल्यम जार्व्हिस नांवाच्या गृहस्थानें इबेरियांतून मेरिनो जातीचीं मेंढरें तेथें आणलीं आणि पुढील तीस वर्षांत सारें राज्य मेंढरांनीं भरून गेलें. १८४० च्या सुमारास तेथें सोळा लक्षांहून अधिक मेंढरें होतीं. माणसें मात्र तीन लक्षांच्या आंतच. चराईसाठीं डोंगरांच्या माथ्यांपर्यंत जंगल तोडलें गेलें, आणि निघालेले दगड रचून बांध घालण्यांत आले. पुढें लोंकरीचा भाव पडला, पश्चिमेकडील विस्तीर्ण मैदानें लागवडीस खुलीं झालीं, आगगाडीनें तिकडचा माल स्वस्तांत येऊं लागला, आणि तरुण मंडळी घरदार सोडून तिकडे निघून गेली. जे मागें राहिले त्यांनीं गाई पाळून दुधाचा धंदा धरला. ओसाड कुरणांवर पुन्हा झाडें वाढलीं. आज या राज्याचा सुमारें पाऊण भाग पुन्हा जंगलाखालीं आहे, आणि त्या जंगलांतून फिरतांना शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचे दगडी बांध कोठें तरी आडवे लागतातच. दुधाच्या धंद्याचीहि पुढें तीच गत झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास दहा हजारांहून अधिक गोठे तेथें चालू होते. आज त्यांची संख्या हजाराच्या आंत आली आहे.

अशा प्रदेशांतील शेतकऱ्यास हिंवाळा म्हणजे काय, हें आपणांस कल्पनेनेंच जाणावें लागेल. चार-पांच महिने जमीन बर्फाखालीं. गाईंची धार काढणें, सरपण तोडणें, आणि मार्च लागतांच मेपल नांवाच्या झाडांस भोंकें पाडून त्यांचा गोड रस गोळा करून आटविणें, एवढींच कामें. हा रस आपल्या नीरेसारखा. मात्र उसाच्या रसाइतकी गोडी त्यांत नसते, आणि सुमारें चाळीस मापें रस आटवावा तेव्हां एक माप काकवी पदरांत पडते. इतर वेळीं डोंगरउताराचें कुरण नुसतें पांढरें होऊन पडलेलें. त्या पांढऱ्या पडीचा कांहीं उपयोग होईल हें शेतकऱ्याच्या मनांतहि आलें नव्हतें.

तो उपयोग १९३४ च्या जानेवारींत दिसून आला. वुडस्टॉक गांवाजवळ क्लिंटन गिल्बर्ट या शेतकऱ्याच्या गुरांच्या कुरणावर एक लांब दोर कप्प्यांवरून वाटोळा फिरेल असा बांधण्यांत आला, आणि त्यास फोर्ड कंपनीच्या जुन्या मोटारीचें एंजिन जोडण्यांत आलें. हा दोर मोटेच्या नाड्याप्रमाणें खालीं-वर करीत नाहीं. रहाटगाडग्याच्या माळेप्रमाणें एकाच दिशेस फिरत राहतो. खेळणाऱ्यानें खालीं तो हातांनीं धरावा, पट्ट्यांवर उभें राहून ओढलें जावें, माथ्यावर पोंचतांच सोडून द्यावा आणि घसरत खालीं यावें. कॅनडांतील एका दोराचा कित्ता त्यांनीं गिरवला होता. परंतु अमेरिकेंत असा दोर हा पहिलाच. त्यापूर्वीं एकदां खालीं येण्याच्या सुखासाठीं तासभर पायीं चढावें लागे. आतां दिवसाकांठीं पन्नास वेळां घसरतां येऊं लागलें, आणि न्यूयॉर्क व बोस्टनकडील शहरी लोक आगगाडीनें गांवोगांव येऊं लागले. शेतकऱ्याच्या घरच्या रिकाम्या खोलीस भाडें आलें, अंडीं-लोणी-काकवी यांस दारांतच गिऱ्हाईक मिळालें.

या युक्तीचा गुण असा कीं तीस भांडवल जवळजवळ लागत नसे. जुनें एंजिन, दोर, चार खांब, आणि एखादा तेलपाणी जाणणारा माणूस. म्हणून पुढील पंचवीस-तीस वर्षांत व्हर्मांटांत आणि शेजारच्या राज्यांत शेंकडों टेंकड्यांवर असे दोर लागले. कोठें शाळेनें लावला, कोठें गांवच्या तरुण मंडळानें, कोठें शेतकऱ्यानें स्वतःच्या मुलांसाठीं लावला आणि शेजाऱ्यांचीं मुलें आपोआप आलीं.

आणि जितक्या झपाट्यानें ते लागले तितक्याच झपाट्यानें ते उठलेहि. बंद पडलेल्या अशा जागांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकांनीं ईशान्येकडील सहा राज्यांत मिळून सहाशेंहून अधिक ठिकाणें मोजलीं आहेत. सबंध अमेरिकेचा हिशोब पाहिला तर १९८२-८३ च्या हंगामांत ७३५ हिमक्रीडास्थानें चालू होतीं. आज तीं पांचशेंच्या आंत आहेत. मात्र त्यांतून खेळणाऱ्यांची संख्या घटली असें कोणी समजूं नये. घटलीं तीं लहान ठिकाणें. खेळणारे मोठ्या ठिकाणांकडे गेले.

लहान ठिकाणें कां बुडालीं याचीं कारणें शोधतांना पुष्कळजण हवामानाकडे बोट दाखवितात. तें खोटें नाहीं. बर्फ कमी पडतो, उशीरां पडतो, आणि ऐन डिसेंबरांत पाऊस होऊन पडलेला बर्फ वाहून जातो, हा अनुभव तेथें आतां वारंवार येत आहे. परंतु आमच्या मतें हवामानानें अखेरचा धक्का दिला. खिळखिळें आधींच झालेलें होतें. प्रथम हमरस्ते झाले. पूर्वीं ज्या गांवांत मुक्काम करावा लागे त्या गांवावरून मोटारी सरळ मोठ्या डोंगराकडे जाऊं लागल्या. मग विम्याचा प्रश्न आला. १९७४ सालीं एका मोठ्या हिमक्रीडास्थानीं झुडपास अडकून पडल्यामुळें एका तरुणास जन्माचें पंगुत्व आलें. त्यास १५ लक्ष डॉलर नुकसानभरपाई मिळाली, आणि १९७८ सालीं राज्याच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयानें तो निकाल कायम केला. त्या तरुणास भरपाई मिळाली यांत वावगें कांहींच नाहीं. पण विमा कंपन्यांनीं हप्ते असे चढविले कीं ज्यांची सबंध हंगामाची कमाई त्या हप्त्याइतकीहि नव्हती त्यांनीं दोर गुंडाळून गोठ्यांत टाकले. खेळांत अंगभूत असलेला धोका खेळणाऱ्यानें पत्करलेला आहे असें समजावें, असा कायदा राज्यानें लगेच केला खरा. तोंपर्यंत कित्येक टेंकड्या पुन्हा नुसत्या टेंकड्या झाल्या होत्या.

तिसरें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, कारण तें आपल्याकडील शेतकऱ्यास चटकन् उमजेल. तें म्हणजे कृत्रिम बर्फ. नळांतून पाणी व दाबलेली हवा एकत्र सोडून थंड रात्रीं बर्फ पाडण्याचीं यंत्रें निघालीं. ज्यानें तीं बसविलीं त्याचा उतार नाताळांत खात्रीनें चालू, आणि ज्याच्याजवळ तीं नाहींत तो आभाळाकडे पाहात बसलेला. जिराईत आणि बागाईत यांत जो फरक तोच हा. परंतु बागाईत फुकट होत नाहीं. एक एकर उतारावर एक फूट जाडीचा बर्फ पाडण्यास सुमारें पावणेदोन लक्ष गॅलन पाणी लागतें. त्यासाठीं तलाव खणावा लागतो, पंप व नळ घालावे लागतात, वीज जाळावी लागते. हें सारें कर्जानें होतें. कर्ज फेडण्यास गर्दी हवी. गर्दीसाठीं मोठे पाळणे हवे, उपहारगृह हवें, राहण्यास घरें हवीं. त्यासाठीं पुन्हा कर्ज. विहीर खोल नेण्यासाठीं काढलेलें पहिलें कर्ज फिटण्यापूर्वीं दुसरें आणि तिसरें काढून अखेर विहिरीसकट रान गमावलेले शेतकरी आमच्या वाचकांनीं आपल्या शिवारांत पाहिले असतील. डोंगराच्या बाबतींत तीच वाट कशी चालली गेली, याचें उदाहरण म्हणजे वेस्ट विंडसर हा गांव.

वेस्ट विंडसर हा हजार-बाराशें वस्तीचा गांव अस्कटनी नांवाच्या डोंगराच्या पायथ्याशीं आहे. तीन हजारांहून अधिक फूट उंचीचा हा डोंगर आसपासच्या सपाटींतून एकटाच उठलेला असल्यामुळें लांबून दिसतो. विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत गांवकऱ्यांनींच तेथें घसरण्याच्या वाटा काढल्या. पुढें ती जागा मालकामागून मालकाच्या हातीं गेली. १९८० नंतरच्या वर्षांत तेथें मोठें विश्रामगृह, विकावयाचीं घरें, पाळणे व बर्फाचीं यंत्रें असा मोठा पसारा झाला. डोंगर तोच, बर्फ पूर्वींइतकाच किंवा कांहींसा कमी. परंतु डोक्यावरील बोजा कितीतरी पट. एकदां दिवाळें निघालें, पुन्हा उभारणी झाली, आणि २०१० सालीं कर्जापायीं तें स्थान कायमचें बंद पडलें. पाळणे सोडवून विकण्यांत आले. गांवांतील घरांच्या किंमती उतरल्या, रोजगार गेला, गांवचें एकुलतें किराणा दुकानहि कांहीं काळ बंद पडलें. ज्या डोंगराचा गांवानें कधीं लिलाव मांडला नव्हता, तो कोणा दूरच्या माणसाच्या गहाणखतापायीं गांवच्या डोळ्यांदेखत निकामी झाला.

यापुढें गांवानें जें केलें तें आम्हांस विशेष विचार करण्याजोगें वाटतें. दुसरा एखादा पैसेवाला येऊन सर्व पूर्ववत् करील म्हणून वाट पाहात बसावें असें म्हणणारे तेथेंहि थोडे नव्हते. व्हर्मांटांत गांवच्या मोठ्या गोष्टी गांवकऱ्यांच्या मतांनीं ठरतात. दरवर्षीं मार्चच्या पहिल्या मंगळवारीं ग्रामसभा भरण्याची तेथें जुनी चाल आहे, आणि अधूनमधून खास मतदानहि होतें. २०१४ सालीं अशाच मतदानानें गांवानें ठरविलें कीं डोंगराचा हा भाग विकत घ्यावा. जमिनी राखण्याचें काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेनें वर्गणी व अनुदानें जमविण्यास मदत केली, आणि २०१५ सालीं सुमारें ४७० एकर जमीन गांवाच्या मालकीची झाली. गांवचें सामाईक वन पूर्वींचें होतेंच. त्यांत ही भर पडून तें दीड हजार एकरांवर गेलें. या जमिनीवर पुढें कधींही घरें बांधतां येऊं नयेत, अशी कायमची अट दस्तऐवजांत घालण्यांत आली.

जमीन गांवाची झाली. पण दोर चालविण्याचें काम गांवानें स्वतःकडे घेतलें नाहीं, हा यांतील मर्माचा भाग. त्यासाठीं अस्कटनी आउटडोअर्स नांवाची नफा न वांटणारी मंडळी निघाली. तिचें बहुतेक काम स्वयंसेवक करतात. तिनें प्रथम एक साधा ओढता दोर लावला, पुढें कमरेशीं टेंकून वर ओढून नेणारी लोखंडी दांडी बसविली. तीहि डोंगराच्या माथ्यापर्यंत जात नाहीं; पूर्वींच्या उंचीचा खालचा थोडासा भाग तेवढा ती घेते. त्यावर ज्यास जावयाचें त्यानें पट्ट्यांच्या तळाशीं केंसाळ कातडें लावून पायीं चढावें, म्हणजे ते मागें घसरत नाहींत. बर्फ यंत्रानें पाडावयाचा नाहीं. पडेल तेव्हां खेळावें. उन्हाळ्यांत त्याच डोंगरावर सायकलींच्या वाटा आहेत, आणि त्या वाटांनीं उन्हाळ्यांत येणारे लोक हिंवाळ्यांतील लोकांइतकेच गांवास उपयोगी पडत आहेत. किराणा दुकान पुन्हा उघडलें. पूर्वींचा थाट गेला तो गेलाच. पण ज्यास बुडवावें असें फारसें कांहीं आतां तेथें उरलेलें नाहीं.

आतां दुसरें उदाहरण. मॅड रिव्हर ग्लेन हें फेस्टन गांवच्या हद्दींतील ठिकाण अमेरिकेंत फार प्रसिद्ध आहे. रोलंड पामेडो नांवाच्या न्यूयॉर्कच्या एका पेढीवाल्यानें तें काढलें. यानेंच पूर्वीं स्टो येथें एका वेळीं एकच माणूस बसेल असा पाळणा १९४० सालीं उभारण्यांत पुढाकार घेतला होता. परंतु तेथें धंद्याचें वळण जास्त येऊं लागलेलें पाहून तो तेथून निघाला, आणि १९४८-४९ च्या हिंवाळ्यांत हें नवें स्थान सुरू झालें. येथेंहि पाळणा एकट्या माणसाचाच. पुढें १९७२ पासून हें स्थान प्रॅट कुटुंबाकडे होतें. यजमान वारल्यानंतर बेट्सी प्रॅट या बाईंनीं तें वीस वर्षें चालविलें. विकावयाची वेळ आली तेव्हां त्यांनीं तें एखाद्या कंपनीस न देतां तेथें खेळणाऱ्यांसच देण्याचें ठरविलें, आणि १९९५ च्या ५ डिसेंबर रोजीं खेळणाऱ्यांच्या सहकारी मंडळीनें तें विकत घेतलें.

सहकारी मंडळी म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगणें म्हणजे कुंभारास मडकें दाखविण्यासारखें होईल. तरी दोन गोष्टी नमूद करतों. कोणाही एका व्यक्तीस मनास येईल तितके भाग घेतां येत नाहींत. त्यास मर्यादा आहे. आणि नुसता भाग घेऊन स्वस्थ बसतां येत नाहीं. दरवर्षीं सभासदानें ठराविक रक्कम आगाऊ भरून ती तेथेंच खर्चावी लागते. उसाच्या सहकारी कारखान्याच्या सभासदानें आपला ऊस आपल्याच कारखान्यास घालावा, या अटीचाच हा एक प्रकार. ज्याचा मालकीशीं संबंध त्याचा वापराशींहि संबंध राहावा, एवढाच तिचा हेतु. आपल्याकडे जेथें जेथें ही अट सैल पडली तेथें तेथें काय झालें तें आम्ही आज काढीत नाहीं.

या मंडळीची खरी परीक्षा झाली ती जुना पाळणा मोडकळीस आला तेव्हां. त्याच्या जागीं दोन माणसें बसतील असा नवा पाळणा बसवावा, म्हणजे रांगा कमी होतील, असा सरळ हिशोब कोणीहि मांडला असता. सभासदांनीं वेगळा हिशोब मांडला. वर जाणारीं माणसें दुप्पट झालीं म्हणजे खालीं येणारींहि दुप्पट होणार. उतार तेवढाच, बर्फ आभाळांतून पडेल तेवढाच. मग तो दुपारपर्यंत खरवडून निघणार. म्हणून पंधरा लक्ष डॉलरांहून अधिक खर्च करून त्यांनीं २००७ सालीं तोच एकट्याचा पाळणा नव्यासारखा करून घेतला. कित्येकांनीं यास वेडेपणा म्हटलें. आम्हांस हा चराईचा हिशोब वाटतो. कुरण किती जनावरें पोसूं शकेल हें पाहून दावणींत तितकींच जनावरें ठेवणारा माणूस वेडा नव्हे.

असें असतांहि, या दोन उदाहरणांत आम्ही वेस्ट विंडसरला उजवें माप देतों, आणि त्याचें कारण स्पष्ट सांगितलें पाहिजे. फेस्टनच्या मंडळींतील पुष्कळसे सभासद बाहेरगांवचे, शहरांत राहणारे व हौसेनें येणारे आहेत. त्यांनीं डोंगराचें चांगलेंच जतन केलें. तरीपण खेळणाऱ्यांच्या मंडळीचें हित आणि गांवाचें हित हीं दरवेळीं एकच असतील असें नाहीं. वेस्ट विंडसरांत जमीन एकाची व धंदा दुसऱ्याचा, अशी फोड केली गेली. दोर चालविणारी मंडळी उद्यां कर्जांत बुडाली, किंवा स्वयंसेवक थकून तिनें काम सोडलें, तर फार तर दोर व दांडी जाईल. डोंगर जाणार नाहीं, कारण तो तिच्या गहाणखतांत येऊंच शकत नाहीं. सामाईक जमीन व तिच्यावरील उद्योग हीं एकाच खात्यांत ठेवण्याची चूक आपल्याकडील पुष्कळ संस्थांनीं केलेली आहे. सोसायटीनें गोदामाखालची, कारखान्यानें कामगारवस्तीखालची, आणि क्वचित् देवस्थानानेंहि इनामाची जमीन तारण लिहून दिली, आणि धंदा बुडाला तेव्हां ती परत आली नाहीं. म्हणून हिमउताराचें हें उदाहरण बर्फ न पडणाऱ्या मुलुखांतहि विचारांत घेण्याजोगें आहे, असें आम्हांस वाटतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका समजत नाहीं. तो असा कीं हीं सगळीं ठिकाणें श्रीमंत देशाच्या हौशीचीं आहेत. एक दोर बंद पडला म्हणून कोणी उपाशीं मरत नाहीं. मग गांवानें कराचा पैसा त्यांत कां घालावा? याचें उत्तर किराणा दुकानानें दिलेलें आहे. शाळा, दुकान आणि हिंवाळ्यांत चार माणसें एकत्र जमण्याची जागा, या गोष्टी गेल्या कीं डोंगराळ गांवांतून तरुण माणूस निघतो तो परत येत नाहीं. मेंढरांचा काळ संपला तेव्हां व्हर्मांटनें हें एकदां भोगलें आहे. शिवाय श्रीमंतीचा खेळ तो मोठ्या स्थानीं. गेल्या कांहीं वर्षांत मोठ्या कंपन्यांनीं एकामागून एक डोंगर घेतले. त्यांतील एकीनें २०१७ सालीं स्टो येथील उतार घेतला आणि पुढील दोन वर्षांत त्याच राज्यांतील आणखी दोन. तेथें एका दिवसाचें तिकीट ऐन हंगामांत दोनशें डॉलरांच्या वर जातें. दोन मुलांच्या गवळ्यास तें परवडण्याची आशा करणेंच नको. त्याच्या मुलांनीं हा खेळ शिकावयाचा तर तो गांवच्या दोरावर.

आणि तीं शिकतात. रिचमंड गांवीं मिकी व जिनी कॉक्रन या दांपत्यानें १९६१ सालीं घरामागच्या टेंकडीवर मुलांसाठीं एक लहानसा दोर लावला. त्यांचीं चारहि मुलें राष्ट्राच्या संघांत गेलीं, आणि कन्या बार्बरा अ‍ॅन हिनें १९७२ सालीं जपानांत साप्पोरो येथील ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. पुढें नातवानें २०२२ सालीं बीजिंग येथें रौप्यपदक मिळविलें. ती टेंकडी आतां नफा न वांटणाऱ्या मंडळीकडे असून गांवोगांवचीं मुलें अजून तेथें येतात. पदकांपेक्षां आम्हांस दुसरी गोष्ट सांगावीशी वाटते: त्याच टेंकडीवरील मेपलच्या झाडांचा रस काढून काकवी करण्याचा धंदा घरच्याच नातवंडांनीं काढला आहे. हिंवाळाभर उतार, आणि बर्फ वितळूं लागला कीं रस. एका जमिनीचीं दोन पिकें !

ईस्ट कोरिंथ येथील नॉर्थईस्ट स्लोप्स हें स्थान तर १९३६ पासून चालू आहे. दोर ओढावयास जुन्या मालमोटारीचें एंजिन, तिकिटावर व चुलीवर गांवचेच लोक, आणि बर्फ आभाळाचा. बर्फ नसेल त्या आठवड्यांत तेथें कोणी येत नाहीं व कोणास पगारहि द्यावा लागत नाहीं. जिराइताची ही जी शक्ति, कीं एक हंगाम हुकला तर शेतकरी दुःखी होतो पण दिवाळखोर होत नाहीं, ती बागाइतास नसते.

तथापि या लहान ठिकाणांच्या कारभाऱ्यांस आम्ही दोन शब्द सुचविण्याचें धाडस केलें असतें, जर आमचें मासिक तेथवर पोंचत असतें ! पहिला स्वयंसेवकांविषयीं. फुकट काम करणाऱ्यांच्या जोरावर चालणारी संस्था दहा-वीस उत्साही माणसांवर उभी असते. दोराची गांठ मारणें, झिजलेला दोर नव्यानें विणून जोडणें, थंडींत एंजिन सुरू करणें, हें ज्ञान दोघां-तिघां वृद्धांच्या हातांत असतें. तें लिहून ठेवून पंचविशींतील पोरांस शिकविलें नाहीं तर एका हिंवाळ्यांत सर्व थांबेल. दुसरा शेजारच्या जमीनदारांविषयीं. व्हर्मांटांत कुंपण न घातलेल्या व मनाईची पाटी न लावलेल्या जमिनीवर शिकार करण्याची मोकळीक १७७७ च्या राज्यघटनेपासून चालत आलेली आहे, आणि भाडें न घेतां लोकांस आपल्या रानांतून जाऊं देणाऱ्या मालकावर अपघाताची जबाबदारी येऊं नये असाहि कायदा आहे. या रिवाजामुळेंच हिंवाळ्यांतील वाटा पुष्कळदां एकामागून एक खासगी शेतांतून जातात. ही मालकाची कृपा आहे, हक्क नव्हे. ज्याच्या रानांतून वाट जाते त्यास मंडळीच्या पंचांत जागा द्यावी, त्याच्या कुंपणाची मोडतोड मंडळीनें भरून द्यावी, आणि जमीन दुसऱ्यास विकली जाण्यापूर्वींच त्या वाटेचा लेख करून घ्यावा. जुना मालक गेला आणि नव्यानें साखळी लावली म्हणजे मग ओरडून उपयोग नसतो.

२०२३ च्या जुलैंत व्हर्मांटमध्यें मोठा पूर आला, आणि त्याच वर्षीं १८ डिसेंबरला, म्हणजे उतार उघडण्याच्या ऐन वेळीं, पुन्हा पाऊस होऊन नद्या भरल्या. डोंगरांवर जो थोडाबहुत बर्फ साठला होता तो वाहून गेला. मोठ्या स्थानांनीं थंडी परत येतांच यंत्रें सुरू केलीं. दोरवाल्या टेंकड्यांवरील लोकांनीं दोर झाकून ठेवला, एंजिनावर ताडपत्री टाकली आणि पुढच्या हिमवर्षावाची वाट पाहिली.